राखणदाराला हिट पॉइंट्स द्यावेत का? कोकणातील दैवते, भुते आणि फँटसी रोल-प्लेइंग खेळ

ओटीवरचा फासा (मालवण) यांचा प्रश्न

नमस्कार. मी मालवण तालुक्यातील एका खाडीकाठच्या गावात राहते आणि गेली दोन वर्षे दर रविवारी दुपारी आमच्या ओटीवर पाच जणांसाठी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा खेळ चालवते. खेळाच्या भाषेत मी डंजन मास्टर असते. ज्यांना हा प्रकार परिचित नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगते की यात प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो, डंजन मास्टर प्रसंग सांगतो, आपले पात्र काय करील ते खेळाडू बोलून दाखवतो आणि ते जमले की नाही हे बहुतेक वेळा वीस बाजूंच्या फाशावर ठरते. आतापर्यंत आम्ही छापील कथानके खेळलो. त्यांत किल्ले होते, पण ते बर्फाळ प्रदेशातले होते, आणि जंगले होती, पण त्यांतल्या एकाही झाडाला आम्ही कधी हात लावलेला नव्हता. यंदाच्या पावसाळ्यात मी ठरवले की विजयदुर्गापासून रेडीपर्यंतच्या किनारपट्टीवर घडणारे आपलेच कथानक रचायचे.

त्यात दोन प्रसंग असे घडले की मी थबकले आहे. पहिल्या दिवशी मी नियमांच्या पुस्तकातला राक्षस जसाच्या तसा घेतला. पुस्तकात त्याला वाघाचे डोके आहे आणि त्याच्या हातांचे तळवे उलटे आहेत. मी चित्र सर्वांना दाखवले तेव्हा माझी आजी बाजूला सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिने चित्राकडे पाहिले आणि विचारले, “गे बाय, ह्यो वाघ की राकस?” मला उत्तर देता आले नाही, कारण रावणाला, कुंभकर्णाला किंवा हिडिंबेला वाघाचे डोके असल्याचे मीही कधी ऐकलेले नव्हते.

दुसरा प्रसंग अधिक गंभीर आहे. गावाच्या वेशीवर पात्रांची वाट अडवणारा राखणदार, म्हणजे गावाची हद्द राखणारे दैवत, मी रचला आणि नेहमीच्या सवयीने वहीत त्याच्यापुढे ‘हिट पॉइंट्स १२०, आर्मर क्लास १७’ असे लिहिले. हिट पॉइंट्स म्हणजे तो किती घाव सोसेल आणि आर्मर क्लास म्हणजे त्याला घाव लागणे किती अवघड. ज्याच्या घरातून दरवर्षी राखणदाराला मान जातो तो मुलगा त्या दिवशी माझ्या समोरच बसला होता. वार करण्याची त्याची पाळी आली तेव्हा त्याने हातातला फासा हळूच पाटावर ठेवला आणि म्हणाला की हा आमच्या गावचा राखणदार आहे, त्याच्यावर मी फासा टाकणार नाही. तो रागावला नव्हता. पण खेळ तिथेच थांबला.

म्हणून जाणकारांना विचारते. वाघाचे डोके आले कुठून? ज्यांची आजही पूजा होते अशा दैवतांना खेळात आणावे का, आणि आणायचे तर कसे? माझ्या मनात असेही होते की महत्त्वाच्या निर्णयाच्या वेळी फाशाऐवजी देवळातल्यासारखा कौल लावावा. ते योग्य होईल का?

जुनी नियमपुस्तके (रत्नागिरी) यांचे उत्तर

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकेन, कारण या खेळाच्या जुन्या आवृत्त्या वाचण्याची मला आवड आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. त्याची मुळे युद्धाच्या पटखेळांत आहेत. पुठ्ठ्याच्या किंवा शिशाच्या सैन्यांच्या लढाया खेळणाऱ्या मंडळींनी एका पलटणीऐवजी एकच वीर हाताळायला सुरुवात केली आणि त्यातून हा प्रकार जन्माला आला. हिट पॉइंट्स आणि आर्मर क्लास ही त्या लढाईच्या हिशेबाची भाषा आहे. समोरच्याला किती घाव सोसतात, एवढाच प्रश्न ती विचारू शकते.

कथांचा माल मात्र त्यांनी हाताला लागेल तिथून उचलला. बुटके आणि एल्फ इंग्रज कादंबरीकार टॉल्किनमार्गे उत्तर युरोपातल्या पुराणकथांतून आले. हॉबिट हा टॉल्किनचा शब्द कायदेशीर तक्रारीमुळे काढून टाकावा लागला आणि त्या जागी हाफलिंग आला. मेडुसा व मिनोटॉर ग्रीक कथांतले. तिआमात ही बाबिलोनच्या सृष्टिकथेतली आदिसागराची देवी, तिला पाच डोक्यांची ड्रॅगन राणी करण्यात आले. आपल्या ऋग्वेदात वादळाचे गण असलेले मरुत पुढे याच खेळात नियम मोडणाऱ्यांचा पाठलाग करणारे यंत्रवत रक्षक झाले.

राक्षसाची कथा याहून विशेष आहे. १९७४ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर भयकथांची एक मालिका चालू होती आणि तिच्या एका भागात राक्षस दाखवला होता. समोरच्याचा ज्याच्यावर विश्वास असेल त्या व्यक्तीच्या रूपात तो येतो आणि क्रॉसबोच्या मंतरलेल्या बाणाने मरतो. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये गायगॅक्सने घेतलेला राक्षस हा तिथला आहे, विश्वासू माणसाचे रूप आणि मंतरलेला बाण या दोन्ही गोष्टींसकट. त्या पुस्तकातल्या चित्रात वाघाचे डोके असलेला राक्षस घरगुती झगा घालून हातात पाईप धरून बसलेला आहे. पुढच्या चित्रकारांनी तेच रूप गिरवले आणि आज जगभरातल्या लाखो खेळाडूंना राक्षस म्हटले की वाघ आठवतो. आपल्या आजीबाईंनी विचारलेला प्रश्न म्हणूनच अगदी नेमका आहे.

दुसऱ्या प्रश्नाशी संबंधित एक गोष्टही सांगून ठेवतो. देवांना आकडे देण्याची चूक आपणच प्रथम केलेली नाही. १९७६ साली निघालेल्या पुरवणीत आणि १९८० च्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’ या ग्रंथात ग्रीक, नॉर्स, इजिप्शियन देवांबरोबर इंद्र, अग्नी, विष्णू यांचीही हिट पॉइंट्ससह नोंद आहे. १९७६ च्या पुस्तकामागे एक हेतू असाही होता की अफाट शक्तीची पात्रे घेऊन मिरवणाऱ्या खेळाडूंना खऱ्या देवांची ताकद दिसावी आणि त्यांनी आवरते घ्यावे. पण ज्याला आकडा दिला तो शून्यावर आणता येतो, असेच खेळाडूंनी त्यातून घेतले. आपल्या गटातल्या मुलाने फासा खाली ठेवला तेव्हा त्याला हेच उमगले असावे.

पायपेटी (वेंगुर्ला)

माझे वडील आणि काका दशावतारात काम करीत असत. मी स्वतः तोंडाला रंग लावला नाही, पण लहानपणापासून पेटीशेजारी बसून जत्रा पाहिल्या आहेत. मला आपल्या प्रश्नात एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटते. कोकणात अशा खेळाची रीत शतकांपासून आहे आणि तिच्यात दैवत व खेळ यांचा मेळ कसा घालावा याची उत्तरेही आहेत.

दशावताराला छापील संहिता नसते. त्या रात्री कोणते आख्यान करायचे आणि कोणी कोणते सोंग घ्यायचे हे खेळाच्या आधी थोडा वेळ ठरते. पुढचे सारे संवाद रंगमंचावर उभे राहून सुचतील तसे बोलायचे असतात. समोरच्या नटाने अनपेक्षित प्रश्न टाकला तर त्याला पुराणाच्या आधारानेच उत्तर द्यावे लागते. आपले पाच खेळाडू रविवारी ओटीवर जे करतात ते आणि हे फार दूर नाही. फरक असा की दशावतारात शेवट सर्वांना ठाऊक असतो. कीचक मरणारच. लोक पहाटेपर्यंत थंडीत घोंगडी पांघरून बसतात ते तो कसा मरतो आणि मरण्यापूर्वी काय बोलतो हे ऐकण्यासाठी.

आता संकासुराचे पाहा. आख्यानाच्या आधी जो आड दशावतार होतो त्यात गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो आणि मग वेद चोरणारा काळ्या वेशातला संकासुर येतो. तो अस्सल मालवणीत बोलतो, गावातल्या गोष्टी काढतो, लोकांना पोट धरून हसवतो. शेवटी विष्णू त्याला मारतो. उत्तर रत्नागिरीकडे शिमग्यात जो संकासुर नाचतो त्याला तर लोक घरी बोलावतात, मान देतात. हा असुर नियमपुस्तकातल्या कोणत्या रकान्यात बसेल? तो वेद चोरतो म्हणून दुष्ट म्हणावा, तर ज्या रात्री तो येत नाही ती जत्रा अपुरी वाटते.

माझी सूचना अशी आहे. खेळाडूंना देवाचे सोंग देऊ नका आणि आपणही देवाच्या तोंडून फार बोलू नका. दशावतारात देव येतो तो प्रसंगाला निर्णायक वळण देण्यासाठी, आणि तो थोडेच बोलतो. बडबड असुराची, राजाची, विदूषकाची असते. ज्या नटाने विष्णूचे सोंग घेतले आहे त्याच्या पाया पडणारी म्हातारी माणसे मी पाहिली आहेत. आत शेजारचा गडी आहे हे त्यांना पुरेपूर ठाऊक असते आणि तरीही त्या घटकेला ते नमस्कार सोंगाला करतात. आपल्या गटातल्या मुलाने जे केले ते याच परंपरेतले आहे. त्याला खेळ कळला नाही असे कृपया समजू नये.

गावरहाटी (कणकवली)

कौलाविषयी मी स्पष्ट लिहितो. आमच्या घराण्याकडे ग्रामदेवतेच्या सेवेचा मान आहे, तेव्हा हे ऐकीव नाही.

कौल लावताना देवाच्या मूर्तीवर फुलांच्या पाकळ्या किंवा पाने चिकटवतात आणि ती उजवीकडून पडली की डावीकडून यावरून उत्तर घेतात. दुरून पाहणाऱ्याला ते नाणे उडवण्यासारखे वाटेल, आणि म्हणूनच खेळात घेण्याचा विचार मनात येतो. प्रत्यक्षात कौलाच्या आधी बरेच काही असते. प्रश्न नेमका मांडावा लागतो. तो ज्याचा आहे त्याने समक्ष असावे लागते. गाऱ्हाणे घालताना घराणे, गाव, पूर्वज, अडचण यांचा उच्चार होतो आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला “व्हय म्हाराजा” म्हणून साथ देतात, म्हणजे ते साक्षीदार होतात. आणि एकदा कौल मिळाला की तो पाळावा लागतो. आवडला नाही म्हणून पुन्हा लावता येत नाही. लग्ने, घरे, जमिनी यांचे निर्णय त्यावर झालेले आहेत. दर दहा मिनिटांनी एक या गतीने रविवारी दुपारी तो ओटीवर लावणे मला मान्य नाही, आणि आपण विचारले म्हणूनच हे इतक्या स्पष्टपणे सांगतो आहे.

राखणदाराचे थोडे वेगळे आहे. त्याच्या गोष्टी आपण मुलांना सांगतोच. रात्री वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोहोचवणारा, हातात काठी आणि खांद्यावर कांबळे असलेला, मागे वळून पाहू नको म्हणून बजावणारा राखणदार कोकणात प्रत्येकाने ऐकलेला असतो. गोष्टीत तो येतो, मग खेळातही येऊ द्यावा. मात्र त्या साऱ्या गोष्टींतले एक सूत्र सोडू नका. राखणदाराला हद्द असते. तो हद्दीबाहेर येत नाही आणि हद्दीत त्याच्याशी झुंज होत नाही. त्याच्याशी व्यवहार होतो, कबूल केलेला नारळ देण्याचा आणि न विसरण्याचा.

खऱ्या गावाचे आणि खऱ्या देवस्थानाचे नाव घेऊ नये असेही सुचवतो. आरवलीच्या वेतोबाला लोक मोठमोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावात फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. ही कल्पना इतकी सुंदर आहे की कोणालाही ती उचलावीशी वाटेल. ती घेताना गाव कल्पित ठेवावे, म्हणजे कोणाच्या श्रद्धेला आपण आकडा लावला असे होणार नाही.

ओटीवरचा फासा (मालवण)

गावरहाटी यांचे म्हणणे मला पटले. कौलाचा विचार मी सोडून देत आहे. पायपेटी यांचा प्रतिसाद मी त्या मुलाला वाचून दाखवला, त्याने तो माझ्याकडून पुन्हा मागून घेऊन स्वतः वाचला. पण आता अडचण अशी आहे की लढाई नाही, हिट पॉइंट्स नाहीत, कौल नाही, तर मग खेळाडूंनी करायचे काय आणि फासा टाकायचा कशावर? नुसती गोष्ट सांगत बसले तर तो खेळ राहणार नाही.

बेहडा (चिपळूण)

याच प्रश्नाची मी वाट पाहत होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

फँटसी खेळांनी पुराणांतून रूपे घेतली आणि नियम मात्र आपले ठेवले. राक्षस घेतला, पण तो ज्या नियमाने वागतो तो नियम घेतला नाही. आपण उलटे करून पाहावे. रूप कसे का असेना, त्या कथेतली शक्ती कशी मिळते, कशी जाते आणि कशाने बांधली जाते हे नियमात उतरवावे. तिथे आपल्या पुराणांत खेळाच्या दृष्टीने इतका माल आहे की आयुष्यभर पुरेल.

उदाहरणार्थ शक्ती कशी मिळते ते पाहा. १९७४ च्या नियमांत अनुभवाचे गुण मुख्यतः लुटून आणलेल्या सोन्यावर मिळत, जितकी सुवर्णनाणी तितके गुण. भुयारातल्या खजिन्यामागे धावणाऱ्या साहसकथांना ते शोभून दिसते. आपल्याकडे कोणी सोने आणून सामर्थ्यवान झाल्याचे ऐकले आहे का? सामर्थ्य येते तपातून, गुरूकडून, वराने. आणि प्रत्येक वराला एक फट असते. हिरण्यकशिपूने दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको, माणसाकडून नको, पशूकडून नको असे सारे मागून घेतले, आणि संध्याकाळी उंबरठ्यावर नरसिंह उभा राहिला. हे खेळातले उत्तम कोडे आहे. आपल्या खलनायकाला हिट पॉइंट्स देऊ नका, एक वर द्या. खेळाडूंनी गावोगाव विचारत फिरून त्या वराचे शब्द गोळा करावेत आणि त्यातली फट शोधावी. फासा टाकायचा तो माहिती मिळवताना, माग काढताना, वेळेवर उंबरठ्यापर्यंत पोहोचताना.

शापाचेही तसेच. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या जुन्या नियमांत जादूगाराने पाठ केलेला मंत्र एकदा वापरला की तो विसरत असे. ही कल्पना जॅक व्हान्स या अमेरिकी लेखकाच्या कथांतून आली, आणि नव्या खेळाडूंना ती नेहमी विचित्र वाटे. पण आपल्याकडे विसरण्याला कारण असते. कर्णाने खोटे बोलून परशुरामाकडून विद्या घेतली म्हणून ऐन प्रसंगी ब्रह्मास्त्र आठवणार नाही असा शाप त्याला मिळाला. (मी राहतो तिथून परशुरामाचे देऊळ घाटावर दिसते, म्हणून ही कथा माझ्या विशेष जवळची आहे.) इंद्राने त्याला दिलेली वासवी शक्ती एकदाच वापरता येणार होती. ती त्याने अर्जुनासाठी राखली होती आणि रात्रीच्या युद्धात घटोत्कचावर खर्च करावी लागली. आपल्या खेळाडूच्या हातात अशी एकदाच वापरायची वस्तू द्या आणि मग त्याच्यासमोर चुकीचा पण टाळता न येणारा शत्रू उभा करा. पाचही जण गप्प होतील. मी हे करून पाहिले आहे.

घटोत्कचाचे नाव आलेच आहे, तर राक्षसांच्या स्वभावाविषयी एक शब्द. जुन्या नियमांत संपूर्ण वंशालाच अलाइनमेंट असे, म्हणजे अमुक जातीचा प्राणी जन्मतःच दुष्ट. आपल्या कथांत हिडिंबा कुंतीची सून होते, घटोत्कच वडिलांच्या बाजूने लढून मरतो, बिभीषण भावाला सोडून धर्माची बाजू घेतो, आणि रावण स्वतः वेद जाणणारा आहे. अलीकडे मूळ खेळानेही वंशाने स्वभाव ठरवणे मागे टाकले आणि २०२४ च्या नियमांत वंशासाठीचा जुना शब्दही बदलला. महाभारत ऐकत वाढलेल्या खेळाडूंना हे वेगळे सांगावे लागत नाही. त्या दूरचित्रवाणी मालिकेने एक गोष्ट मात्र अचूक उचलली होती, हे मान्य केले पाहिजे. राक्षस कामरूपी असतात, हवे ते रूप घेतात. मारीच सुवर्णमृग झाला आणि रावण यती होऊन दारात आला. सीतेने भिक्षा घालायला हात पुढे केला तो विश्वासानेच.

आता लढाईवाचून फासा कसा टाकावा याचा एक नमुना देतो. चकवा घ्या. चकवा लागला की माणूस रात्रभर चालतो आणि पुन्हा त्याच वडाखाली येतो. आमच्याकडे सांगतात की अशा वेळी जागच्या जागी बसावे, उजाडले की वाट पायाखाली असते. हे नियमात असे उतरवता येईल. पात्रे सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरून, जात आहेत. प्रत्येक टप्प्याला एकाने फासा टाकायचा. हुकला तर एक खूण पुन्हा दिसते, तोच पडका बांध, तीच विहीर. तीन खुणा पुन्हा दिसल्या की चकवा लागला हे खेळाडूंना कळते. त्यानंतर जो चालत राहील त्याचा फासा प्रत्येक वेळी अधिक अवघड होत जातो. जो बसेल त्याला फासा टाकावाच लागत नाही, पण त्याची रात्र जाते. आणि ज्या कामासाठी ते निघाले आहेत ते काम पहाटेपूर्वी व्हायचे आहे. चकव्याला ना शरीर आहे ना हिट पॉइंट्स, तरीही दोन तास खेळ रंगतो, कारण बसायचे की चालायचे यावर पाच जणांची पाच मते होतात.

शेवटी खुद्द फाशाविषयी. कौल नको हे योग्यच आहे, पण फासा परका नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले चौतिसावे सूक्त जुगाऱ्याचा विलाप आहे आणि त्यातले फासे म्हणजे बेहड्याची फळे. ती मोजून चारने भाग जाई तो डाव कृत, तीन उरले तर त्रेता, दोन उरले तर द्वापर, एक उरला तर कली. युगांचीही हीच नावे आहेत. नलाच्या कथेत कली नलाच्या शरीरात शिरतो आणि द्वापर फाशांत शिरतो. पुढे ऋतुपर्ण राजा धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे मोजून सांगतो, नल त्याच्याकडून अक्षहृदय म्हणजे फाशांचे मर्म शिकतो आणि कली त्याच्या देहातून बाहेर पडून त्याच बेहड्यात लपतो. आपल्या कथानकाला प्रतिनायक हवा असेल तर फाशात शिरलेल्या द्वापराइतका चांगला कुठे मिळणार? बेहडा तर सह्याद्रीत सर्वत्र आहे.

चितारआळी (सावंतवाडी)

बेहडा यांच्या प्रतिसादाला छोटीशी पुरवणी. वीस बाजूंचा फासा टाकायचाच असे नाही. आमच्या सावंतवाडीची दशावतारी गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे पत्ते, हाताशी असेल तर तिचा विचार करावा. गोल पाने, एकूण १२०, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू. खेळाला उपयोगी अशी तिची खुबी म्हणजे आकड्यांच्या पानांपैकी पाच रंगांत दश्शी सर्वांत मोठी मानतात आणि उरलेल्या पाचांत एक्का. त्यामुळे खेळाडूने पान ओढले आणि दोन मासे आले तर ते चांगले की वाईट हे आकड्यावरून कळत नाही, रंग पाहावा लागतो. खऱ्या हाताने रंगवलेल्या गंजिफेवर लाखेचा लेप असतो आणि तिला जपावे लागते, म्हणून रोजच्या खेळासाठी मुलांकडून पुठ्ठ्याची करवून घ्यावी. तेवढ्यासाठी एक रविवार दिला तर त्यांना दहा अवतारांच्या खुणाही पाठ होतील.

हे नको असेल तर चिंचोके फोडून त्यांचे चार अर्धे घ्या. पांढरी बाजू वर किती पडली ते मोजायचे, एकही पांढरी नसेल तर आठ. दोन्ही बाजू सारख्याच पडतात असे धरले तर सोळांत सहा वेळा दोन येतील आणि आठ एकदाच. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकडा सारखाच सोपा असतो. चिंचोक्यांवर मधला आकडा नेहमीचा आणि आठ दुर्मीळ असतो, त्यामुळे आठ पडले की ओटीवर ओरडा होतोच.

ओटीवरचा फासा (मालवण)

सर्वांचे मनापासून आभार. काल आम्ही पुन्हा बसलो. गाव कल्पित केले आणि त्याचे नाव मुलांनीच ठेवले. राखणदाराच्या पानावरचे दोन्ही आकडे मी खोडले आणि त्या जागी एवढेच लिहिले की दिवेलागणीनंतर वेस ओलांडणाऱ्याने आपण कोण, कुठले आणि कशासाठी आलो हे खरे सांगावे, आणि कबूल केलेले विसरू नये.

पात्रे वेशीवर आली. चौघांनी आपापली ओळख सांगितली. पाचव्याच्या, म्हणजे माझ्या भाच्याच्या पात्राने मागच्या गावात चोरी केली होती आणि ती लपवून तो खोटे बोलला. राखणदार काही बोलला नाही, बाजूला झाला. मग सड्यावर चकवा लागला. पडका बांध तिसऱ्यांदा दिसला तेव्हा ज्या मुलाने फासा खाली ठेवला होता तोच सर्वांत आधी म्हणाला की हा चकवा राखणदाराचा आहे, आपल्यापैकी कोणीतरी खोटे बोलले आहे. मी असे काहीच ठरवलेले नव्हते. पण ते इतके बरोबर होते की मी मान हलवली. पुढचा पाऊण तास पाचही जण काल्पनिक वडाखाली बसून एकमेकांना विचारत होते आणि चार चिंचोके पाटावर तसेच पडून होते. आजी सूप बाजूला ठेवून ऐकत होती. शेवटी तिनेच भाच्याला सांगितले, “सांगून टाक रे, रात सरात.”

त्याने सांगितले. परत जाऊन चोरलेली वस्तू द्यायची की पहाटेपूर्वी वाघोटन खाडी गाठायची, यावर आम्ही थांबलो आहोत. मुलांचे एकमत झालेले नाही. चितारआळी यांना एक विचारायचे आहे. पुठ्ठ्याची पाने गोल कापून ती एकमेकांना चिकटू नयेत म्हणून वरून काय लावावे? इथल्या दमट हवेत पहिल्या चार पानांची टोके आत्ताच वळू लागली आहेत.